घोडपाठीसाठी आठ जोड

क्यूझो छपरावरून पडला तो मंगळवार होता, आणि बर्फमोजणीची माणसं गुरुवारी यायची होती.

पडण्यात नवल काही नव्हतं. सुगेनोसावात दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ढकलताना कोणी ना कोणी बर्फासकट खाली येतंच. खालीही बर्फच असतो, त्यामुळे बहुतेक जण कपडे झटकून उठतात, इकडेतिकडे बघतात आणि कोणी पाहिलं नाही ना याची खात्री करून पुन्हा शिडी चढतात. क्यूझो मात्र नेमका शिडीवरच पडला. घोट्याच्या वर हाड मोडलं. संध्याकाळपर्यंत तो पाय प्लास्टरात घालून कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, उबदार गोधडीखाली बसलेला होता, आणि मोडलेल्या पायापेक्षा मोजणीचं काय होणार याचंच त्याला जास्त लागलं होतं.

एकतीस वर्षं क्यूझो निइकुनी त्या मोजणीचा वाटाड्या होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात धरणाच्या कचेरीतून दोन माणसं यायची. दरीच्या तळापासून घोडपाठ नावाच्या धारेपर्यंत पाच ठिकाणी ती बर्फात नळी खुपसायची. बर्फ किती खोल आहे आणि किती जड आहे, ते मोजायचं. त्यावरून मे महिन्यात धरणात किती पाणी उतरणार हे ठरायचं. अंदाज चुकला तर खालच्या खोऱ्यातली भातं तरी सुकायची, नाहीतर नदीकाठच्या आळ्या तरी बुडायच्या. म्हणजे यंदा पाय मोडलाय, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

क्यूझोची बायको इतोए बासष्ट वर्षांची. उंची बेताची, वजन सत्तेचाळीस किलो. मोजणीला ती कधीच गेली नव्हती. पण जाणाऱ्यांच्या पायात काय असावं, हे एकतीस वर्षं तिनेच ठरवलं होतं. क्यूझो कुरोमोजीच्या झुडपाच्या फांद्या वाफेवर वाकवून कांजिकीची, म्हणजे बर्फावर चालायच्या जोड्यांची, लंबगोल चौकट करायचा, दोन्ही बाजूंना टणक लाकडाची नखं बसवायचा. दोरीची वीण इतोएची. कोणाच्या पायाला कोणता जोड आणि कोणाची दोरी किती आवळायची, ते तिने सांगायचं, आणि त्यात क्यूझोसुद्धा बोलायचा नाही.

गुरुवारी दुपारी कचेरीची माणसं आली. मोठे साहेब नवीन होते, हासेबे नावाचे, पन्नाशीचे आणि अंगाने चांगले भरलेले. बरोबर शिओमी नावाची अठ्ठावीस वर्षांची बारीक अंगाची इंजिनियर मुलगी. क्यूझोचा चुलतभाऊ तात्सुओसुद्धा येऊन बसला होता. तो सात वर्षं मोजणीला सामान वाहायला जायचा आणि यंदा आपल्यालाच पुढे चालायचंय, हे त्याने घरातून निघतानाच ठरवलेलं असावं, कारण दाढी केलेली होती.

"क्यूझो-सान, आता कसं करायचं?" हासेबेंनी विचारलं.

"कसं म्हणजे, तात्सुओ आहे की," क्यूझो म्हणाला. "सात वर्षं माझ्या मागून चालतोय. रस्ता नसेल, पण माझी पाठ तरी त्याला पाठ झाली असेल."

तात्सुओ हसला. "किझुमी घळीतली आडवी वाट मी डोळे मिटून काढीन, साहेब."

इतोए चहा ओतत होती. ती वर न बघता म्हणाली, "मिटूनच काढ. उघडे ठेवलेस तर पाय पुढे टाकणार नाहीस."

"म्हणजे काय, वहिनी?"

"पुलावरून बघ जाऊन. घळीच्या वरच्या अंगाला सुरकुत्या पडल्यात. रविवारी तीन होत्या, काल सात मोजल्या. बर्फ आख्खाच्या आख्खा खाली सरकायला लागलाय."

शिओमीने वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "मग वर जायला दुसरी वाटच नाही?"

"सोंड आहे ना. घळीच्या डाव्या हाताची."

"सोंड?" तात्सुओने मांडीवर थाप मारली. "वहिनी, ती शिडी आहे, वाट नाही. हिवाळ्यात त्या सोंडेवर माकडंसुद्धा जात नाहीत."

"मी जाते. हिवाळ्यात नाही, मे महिन्यात. पाठीवर पस्तीस किलो ओला झेन्माई घेऊन उतरते."

हे खरं होतं. झेन्माई या रानभाजीचे कोवळे कोंब उतारांवर, बर्फाने खरवडलेल्या जागीच उगवतात. इतोए सतराव्या वर्षापासून ते खुडायला जात होती. त्या डोंगराच्या ज्या ज्या कोपऱ्यावर पाय ठरत नाही, तिथे तिचा पाय पंचेचाळीस वर्षं ठरला होता.

"मी नेते यांना," ती म्हणाली.

हे वाक्य ती आधी ठरवून बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिचे कान गरम झाले. छातीत काहीतरी टणटण उडायला लागलं. तिला वाटलं ही भीती असणार, पण ती भीती नव्हती.

"तू?" क्यूझो म्हणाला. "अगं, बासष्ट वर्षांची तू..."

"तुम्ही चौसष्टचे. आणि छपरावरून पडलात."

तात्सुओ तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर बघायला लागला. हासेबेंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा बायकोकडे बघितलं आणि शेवटी क्यूझोलाच विचारलं, "यांना जमेल?"

क्यूझोने बराच वेळ गोधडीचा काठ चाचपला. "वाट जमेल," तो म्हणाला. "तिच्याशी वाद घालायला मात्र तुम्हाला जमणार नाही."

मग सगळे मागच्या शेडमध्ये गेले. क्यूझोने स्वतःला ढकलत, कुबड्या टेकत पडवीपर्यंत आणलं आणि काचेमागे ठाण मांडलं.

इतोएने आधी सगळ्यांना पाठीवरच्या सामानासकट तांदळाच्या काट्यावर उभं केलं. शिओमी छप्पन्न किलो. तात्सुओ अठ्ठ्याहत्तर. हासेबे एकशे आठ. आधीचे साहेब काडीसारखे होते, त्यामुळे एवढा आकडा त्या काट्याने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

"सामान धरून आहे हे," हासेबे ओशाळून म्हणाले.

"बर्फाला सगळं सारखंच," इतोए म्हणाली. "आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला बघू. नेहमीसारखं. मी बघतेय म्हणून नीट नको."

हासेबे पाय फेकत चालायचे, टाच आधी आपटायची. शिओमी लहान, नेमकी पावलं टाकायची. इतोएने मान हलवली. मग शिओमीने गाडीतून तीन पिशव्या आणून जमिनीवर ओतल्या. कचेरीने यंदा नवे स्नोशू घेतले होते. दोन जोड पोकळ नळीचे, लांबट, मध्ये जाड कापड ताणलेलं. तिसरा जोड नारिंगी प्लास्टिकचा, आखूड, आणि दोन्ही कडांना खालून पोलादी दात, करवतीसारखे.

"झालं," तात्सुओ म्हणाला. "दुकानातले जोडे घालून आता डोंगर चढायचा. वहिनी, तुमच्या दोऱ्या चुलीत घाला."

इतोएने ऐकलं की नाही कोण जाणे. ती उकिडवी बसली होती आणि बाजारात माशाचे कल्ले उघडून बघावेत तसा नारिंगी जोडा उलटा करून बघत होती. दातांवरून तिने अंगठा फिरवला. टाचेखाली एक तारेची कडी होती, ती तिने वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"हे काय आहे?"

"चढावर ती कडी उभी करायची," शिओमीने सांगितलं. "टाच तिच्यावर टेकते. पोटऱ्या दुखत नाहीत."

"बाहेर चला," इतोए म्हणाली.

घरामागे छपरावरून पडलेल्या बर्फाचा ढीग सगळा हिवाळा उन्हाची वाट बघत राहतो. त्या वेळी तो छपराच्या वळचणीला लागला होता आणि त्याची एक बाजू भिंतीसारखी उभी होती. इतोएने आधी नळीचे जोडे बांधले. भुसभुशीत बर्फावर ती अशी तरंगली की तिला स्वतःला हसू आलं. पण उतारावर आडवी निघाली मात्र, मागचं लांब शेपूट खालच्या अंगाला फिरलं, पाय त्याच्याबरोबर गेला आणि ती सरळ बुडावर बसून खालपर्यंत घसरत आली.

काचेमागून क्यूझोचा आवाज आला, "एक झालं. अजून किती हाडं मोडायचीत आज?"

"तुमच्यासारखं शिडीवर नाही पडले मी," ती ओरडली आणि पाय झाडत नारिंगी जोडा बांधायला घेतला.

तो बांधून ती आडवी चालली. कर्रर्र, कर्रर्र. दात धरत होते. कडी उभी करून ती सरळ वर गेली आणि छपराच्या उंचीला पोचून खाली बघत उभी राहिली. गाल लाल झाले होते, डोक्याचा रुमाल एका कानावर आला होता. "अहो," ती काचेकडे बघून म्हणाली, "जिना आहे हो हा. जिना."

क्यूझोला ते फारसं आवडलं नाही. "टणक बर्फात लाथ मारून बघ," तो म्हणाला.

तिने मारली. प्लास्टिकचं रुंद नाक बर्फात शिरेना, वरच्यावर आपटून परत आलं. मग कांजिकी बांधून मारली. लाकडाचं आखूड, वर वळलेलं नाक पाऊलभर आत गेलं आणि पायरी तयार झाली. क्यूझोने काचेवर बोटाने टकटक केलं. एवढंच.

अंधार पडायच्या आत इतोएने हिशेब लावला होता. दरीत नवा, कंबरभर बर्फ. तिथे पुढे चालणाऱ्या दोघांनी सुकारी घालायच्या. सुकारी म्हणजे कांजिकीवरून चढवायची हातभर लांबीची मोठी चौकट, नाकाला दोरी, प्रत्येक पावलाला दोरी ओढून चौकट उचलायची. त्या तिच्या आणि तात्सुओच्या पायात. मागच्या दोघांना दरीत नळीचे लांब जोडे. सोंड लागली की सगळ्यांनी बदलायचे: तिला आणि तात्सुओला आपापल्या कांजिकी, शिओमीला नारिंगी दातांचे, कारण तिला लाथ मारून चढायची सवय नाही. आणि हासेबेंना क्यूझोच्या स्वतःच्या कांजिकी, घरातल्या सगळ्यांत मजबूत.

"चार माणसं आणि आठ जोड," तात्सुओ म्हणाला. "वर दुकान टाकायचंय का, वहिनी?"

"पाच तऱ्हेचा बर्फ आहे. तुला दोन जोड जड होत असतील तर तुझे मी उचलते."

तात्सुओने मुकाट्याने दोन्ही जोड पिशवीला बांधले.

शुक्रवारी उजाडताना ते निघाले. थंडी इतकी की नाकातले केस ताठ होत होते, पण आभाळ स्वच्छ. इतोए पुढे. उजव्या हातात उजव्या सुकारीची दोरी, डाव्यात डावीची. ओढ, टाक, दाब. ओढ, टाक, दाब. शंभर पावलं झाली की ती बाजूला व्हायची आणि तात्सुओ पुढे यायचा. पहिल्या शंभरातच तिचा घाम निघाला, दुसऱ्या शंभरात श्वास बसला, आणि तिसऱ्या वेळी ती पुढे आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला गाणं गुणगुणावंसं वाटतंय. एकतीस वर्षं या वाटेला निघणाऱ्या माणसांना तिने दारात उभं राहून बघितलं होतं. वळणाच्या देवदारापलीकडे काय होतं ते तिला माहीत होतं, पण फक्त हिरवं. पांढरं ती आज बघत होती.

पहिल्या ठिकाणी तीन मीटर दहा. दुसऱ्या ठिकाणी तीन मीटर पंचाऐंशी. शिओमी नळी फिरवत खाली घालायची, हासेबे ती बर्फासकट ताणकाट्याला टांगायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. दुसरा आकडा वाचल्यावर त्यांनी तो पुन्हा वाचला.

"गेल्या वर्षी इथे किती होता?" इतोएने विचारलं.

"दोन मीटर साठ."

"मग वर काय असेल," ती म्हणाली आणि दोऱ्या हातात घेऊन निघालीसुद्धा.

बीच झाडांच्या जंगलात तिसरं ठिकाण झालं आणि मग किझुमी घळीचं तोंड आलं. समोर रुंद, गुळगुळीत, उन्हात चमकणारा उतार. आडवी वाट त्याच्या मधून जायची. वीस मिनिटांत पलीकडे. तात्सुओ थांबला.

"वहिनी, बघा तरी. कुठे आहेत सुरकुत्या? रात्री पडलेल्या बर्फाने बुजल्या."

"बुजल्या नाहीत, झाकल्या."

"वीस मिनिटं. एकेक करून जाऊ. सोंडेवर तीन तास जातील आणि साहेबांचं वजन..." त्याने पुढचं गिळलं.

हासेबे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. वीस मिनिटं आणि तीन तास यांत काय निवडावं, हे कोणत्याही कचेरीतल्या माणसाला सांगायला लागत नाही. इतोएने सुकारी सोडल्या, एका झाडाला टांगल्या, कांजिकीच्या दोऱ्या पुन्हा आवळल्या आणि सोंडेच्या पायथ्याशी पहिली लाथ मारली. शिओमी दातांचे जोडे बांधून लगेच तिच्या मागे गेली. मग हासेबेही क्यूझोच्या कांजिकी बांधून गेले. तात्सुओ थोडा वेळ घळीकडे बघत राहिला आणि काहीतरी पुटपुटत त्याने आपल्या सुकारी तिच्या सुकारींशेजारी टांगल्या.

सोंड उभी होती. वर पाऊलभर नवा बर्फ आणि खाली वाऱ्याने घट्ट केलेलं कवच. लाथ, पायरी, दुसरी लाथ, पायरी. इतोएच्या पायाला प्रत्येक वळण आधीच कळत होतं. इथे कातळ, उजवीकडे सर. इथे वाकडं बीच, त्याच्या वरून जा. झेन्माईच्या दिवसांत जिथे ती मुळाला धरून चढायची, ते मूळ आता दोन माणसं खोल होतं, पण सोंडेचा कणा तोच होता. मागून शिओमीच्या पोलादी दातांचा आवाज येत होता, एका लयीत.

अर्ध्यावर कडक आवाज झाला, वाळलेली फांदी मोडावी तसा.

इतोए वळली. हासेबे गुडघ्यावर आले होते आणि दोन्ही हातांनी बर्फ धरून होते. त्यांच्या उजव्या कांजिकीचं बाहेरचं नख मुळापासून तुटलं होतं. पाय टेकवला की कांजिकी घसरत होती, आणि त्यांच्या खाली दीडशे हात मोकळा उतार होता.

"हलू नका," इतोए म्हणाली. "तात्सुओ, त्यांच्या खाली ये. खांदा लाव."

तात्सुओ एका शब्दाने न विचारता आला आणि साहेबांच्या बुडाला खांदा देऊन उभा राहिला. इतोएने फावड्याने बर्फ कापला. एक माणूस बसेल एवढी जागा झाली, मग दोन बसतील एवढी. वरच्या बीचला तिने दोर अडकवला आणि दुसरं टोक हासेबेंच्या कमरेला बांधलं. ते बसले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता.

इतोएने तुटलेलं नख हातात घेऊन बघितलं. नवराच वापरायचा हा जोड. नवरा अठ्ठावन्न किलोचा.

"चूक माझी," ती म्हणाली. "मी मजबूत जोड बघितला, तो कोणाच्या वजनाला मजबूत ते नाही बघितलं. लांब जोडे दिले तेव्हा वजन धरलं आणि इथे विसरले."

"आता काय करायचं?" शिओमीने विचारलं.

इतोए तिच्या पायांकडे बघत होती. पोलाद. दोन्ही कडांना पोलाद. ज्याचं वजन सगळ्यांत जास्त, त्यालाच दात सगळ्यांत जास्त हवेत. आणि ती ते वजनाने निम्म्या मुलीला देऊन बसली होती.

"काढ ते," ती म्हणाली.

"मग मी काय घालू?"

"माझ्या कांजिकी."

"आणि तुम्ही?"

"साहेबांच्या. एकच नख गेलंय, तीन आहेत. सत्तेचाळीस किलोला तीन पुष्कळ."

त्या टीचभर जागेत तिघांनी जोडे बदलले. बोटं बधिर, दोऱ्या ताठ. इतोए दातांनी गाठी सोडवत होती. मधूनच तिला हसू फुटलं, कारण हासेबे नारिंगी जोड्यात पाय घालून मान वाकवून कडी शोधत होते आणि त्यांच्या खाली तात्सुओ अजूनही खांदा लावून, तोंड बर्फात, विचारत होता, "झालं का? अहो, झालं का?"

हासेबेंनी कडी उभी केली, पाय टाकला. दातांनी धरलं. दुसरा टाकला. त्यानेही धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"आता तू," इतोए शिओमीला म्हणाली. "पाय ठेवायचा नाही. लाथ मारायची. नवऱ्याला मारावी तशी."

"लग्न नाही झालं माझं."

"मग साहेबांना मारावी तशी."

शिओमीने वर साहेबांकडे बघितलं, पाय मागे घेतला आणि अशी लाथ मारली की पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं.

"माझ्यावर एवढा राग आहे?" हासेबेंनी वरून विचारलं.

"सुट्टीचा अर्ज, जानेवारीतला," शिओमी म्हणाली आणि दुसरी लाथ मारली.

इतोए मागे राहून चढली. नख तुटलेला उजवा पाय ती कवचात बोटांवर रुतवायची, शाबूत डाव्यावर भार टाकायची आणि प्रत्येक पावलागणिक डोक्यात काहीतरी जुळवत होती. लाकडाचं नाक आत शिरतं. पोलादाचे दात धरतात. एकाच जोड्यात दोन्ही का नाही? कोणी सांगितलं नाही म्हणून? तिला तिथेच, उतारावर, चौकट दिसायला लागली. दात चौकटीच्या बाहेर नकोत, आतल्या अंगाला हवेत. नाहीतर पायात पाय अडकेल.

चौथं ठिकाण सोंडेच्या माथ्याजवळ, आणि मग घोडपाठ. वारा असा की बोलणं तोंडातून निघून मागच्याच्या कानात जायचं. पूर्वेकडच्या बाजूने बर्फाचा छज्जा दरीवर आला होता. इतोएने सगळ्यांना त्याच्यापासून वीस पावलं आत ठेवलं. शिओमीने नळी लावली. पहिला तुकडा गेला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा जोडावा लागला, तो कधी लागत नसे म्हणून पिशवीच्या तळाशी होता. मग जमिनीचा कठीण ठोका बसला.

"पाच मीटर शहाऐंशी," शिओमी म्हणाली. वाऱ्यात कोणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, मग बोटांनी दाखवलं. हासेबेंनी वही काढली, एकतीस वर्षांचे आकडे खाली-वर बघितले आणि वही मिटून इतोएच्या कानाशी तोंड नेलं. "एवढा कधीच नव्हता."

इतोएने पायाखाली बघितलं. पाच मीटर शहाऐंशी. आपण झाडांच्या डोक्यावर उभ्या आहोत. तिला एकदम उडी मारावीशी वाटली आणि तिने मारलीसुद्धा, लहानशी, कोणी बघू नये अशी. शिओमीने बघितली.

तोचीमोचीच्या चिकट वड्या खाऊन, वाटेत बूड टेकायला मिळेल तिथे टेकत, ते उतरायला लागले. सोंडेच्या मध्यावर तात्सुओ पुढे होता. तो थांबला आणि बाजूला झाला, बाकीच्यांना दिसावं म्हणून.

किझुमी घळ पांढरी राहिली नव्हती. माथ्यापासून ओढ्यापर्यंत तपकिरी पट्टा, नुसती माती आणि चिरडलेलं गवत. खाली ओढ्यात घराएवढे बर्फाचे चिरे पडलेले होते. घोडपाठीवरच्या वाऱ्यात कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. आडवी वाट कुठे होती, तेसुद्धा सांगता येत नव्हतं.

मग तात्सुओने डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगाळली आणि पुन्हा घातली.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमची पिशवी द्या. मी घेतो."

"जड आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

तिने दिली.

दिवस मावळायच्या आत ते गावात पोचले. क्यूझो पडवीत होता. दुपारपासून तिथून हलला नाही, असं शेजारणीने नंतर सांगितलं. इतोएने तुटलेलं नख त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि ओले मोजे काढायच्याही आधी सांगायला लागली. घळ, सोंड, पाच मीटर शहाऐंशी, तात्सुओचा खांदा, लाथ. क्रम राहिला नाही. क्यूझो मध्ये मध्ये "हं" म्हणत होता. घळीबद्दल ऐकल्यावर "हं" आला नाही. त्याने तिची बर्फाने ताठ झालेली बाही हातात धरली आणि धरूनच ठेवली.

"पोलाद हवंय मला," ती म्हणाली. "पातळ. दात असलेलं."

"आत्ता?"

"आत्ता नाही. पण आहे का आपल्याकडे?"

"कापणीच्या यंत्राची जुनी पाती आहे," तो म्हणाला. "लाकूड फाटेल पण."

"फाटू दे."

त्या वर्षी धरणाचे दरवाजे नेहमीपेक्षा बारा दिवस आधी उघडले. मे महिन्यात डोंगरातलं पाणी आलं तेव्हा धरणात त्याच्यासाठी जागा होती. खालच्या आळ्यांतल्या लोकांनी नदी जरा जास्त वाजतेय एवढंच म्हटलं. शिओमीने कचेरीतून फोन करून हे सांगितलं, तेव्हा इतोए झेन्माई खुडायला गेली होती. निरोप क्यूझोने घेतला.

लाकूड फाटलं. पहिला जोड फाटला, दुसरा फाटला, तिसऱ्याचे दात तिरके बसले. क्यूझो पाय लांब करून शेडमध्ये बसायचा, कुरोमोजी वाफवायचा, शिव्या द्यायचा. फाटतंय ते तुझ्या खिळ्यांमुळे, तो म्हणायचा. तुमच्या वाकवण्यामुळे, ती म्हणायची. ऑगस्टमध्ये दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलली नाहीत. मग एके सकाळी इतोएने खिळे टाकून दिले आणि पोलादी पट्टी दोरीनेच चौकटीला विणली, आत दाबून, दोरी ओली असताना. वाळल्यावर दोरीने पट्टीला असं आवळलं की क्यूझोने पक्कडीने ओढून बघितलं आणि पक्कड खाली ठेवली.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिला मोठा बर्फ पडला. इतोए शेडमधून सातवा जोड घेऊन बाहेर आली, पायऱ्यांवर बसून बांधला आणि घरामागच्या उतारावर चढली. लाथ मारली, नाक आत गेलं. आडवी चालली, दातांनी धरलं. ती छपराच्या उंचीपर्यंत गेली, मग शेताच्या बांधापर्यंत, मग देवदारांच्या रांगेपर्यंत.

"जेवण कोण करणार?" क्यूझोने खालून हाक मारली.

"तांदूळ धुतलेत," ती वरून म्हणाली. "विस्तव तुम्ही लावा. मी त्या वळणापर्यंत जाऊन बघते."

वळण आलं, तिथे ती थांबली नाही. पुढे उतार आणखी उभा होता, आणि तिला तोच बघायचा होता.